कांद्यावरची काळी बुरशी आणि शुगर तपासायची पट्टी

पावसाळ्यात कांदा सोलताना सालीखाली काळी भुकटी दिसते. ती बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी असते. तुमच्या घरातल्या ग्लुकोमीटरच्या पट्टीची गोष्ट याच बुरशीपासून सुरू होते.

१९२८ साली म्युलर या शास्त्रज्ञाला या बुरशीत ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम (विकर) सापडले. एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारे प्रथिन. हे एन्झाइम इतर साखरा सोडून मुख्यतः ग्लुकोजवरच काम करते, म्हणून रक्तातली साखर मोजायला उपयोगी. अडचण एकच होती. पाण्यात विरघळलेले एन्झाइम पुन्हा वेगळे काढणे कठीण, आणि ते लवकर निकामीही होते.

यावरचा उपाय समजायला घरातली विळी आठवा. पाते पाटाला घट्ट बसवलेले असते, म्हणून ते हलत नाही आणि रोज वापरता येते. एन्झाइमलाही असाच 'पाट' हवा होता. १९१६ मध्ये अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांनी दाखवले, की यीस्टमधले एन्झाइम कोळशाला चिकटले तरी आपले काम करतच राहते. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज पातळ पडद्याआड ठेवून विजेच्या साहाय्याने साखर मोजण्याची कल्पना मांडली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी ते जेलमध्ये अडकवून इलेक्ट्रोडवर बसवले. १९६९ मध्ये जपानमध्ये बुरशीचेच दुसरे एन्झाइम घन कणांवर बसवून कारखान्यात अमिनो आम्ले तयार होऊ लागली.

आपल्याकडेही हे काम झाले. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) जिवाणूंमधले पेनिसिलिन असायलेज घन पदार्थावर बसवण्याचे संशोधन झाले. हे एन्झाइम पेनिसिलिन तोडते आणि उरलेल्या गाभ्यापासून अ‍ॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन बनवता येते.

आता तुमच्या पट्टीकडे वळू. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा तसेच दुसरे एन्झाइम वाळवून बसवलेले असते. बसवले तरी ते प्रथिनच. ऊन आणि ओल त्याला सोसत नाही. सापगाव, शहापूर, मुरबाडकडे पावसाळ्यात उघडा पापड मऊ पडतो, तशीच उघडी पट्टीही खराब होते. फरक एवढाच, की मऊ पापड हाताला कळतो. खराब पट्टी मात्र चुकीचा आकडा दाखवू शकते. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतू शकते.

म्हणून एवढे सांभाळा:

• पट्ट्या मूळ डबीतच ठेवा. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा.
• डबी फ्रिजमध्ये, चुलीजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.
• डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. मुदत संपलेल्या पट्ट्या टाकून द्या.
• हात धुऊन, पुसून कोरडे करूनच बोट टोचा. बोटाला आंब्याचा रस लागलेला असेल तर आकडा उगाच वाढतो.
• घाम, थरथर, चक्कर असेल आणि आकडा मात्र 'चांगला' दिसत असेल, तर पट्टीवर विसंबू नका. शुद्धीवर असाल तर लगेच साखर खा आणि डॉक्टरांना गाठा.

आकडा पटत नसेल तर नव्या पट्टीने पुन्हा तपासा, लॅबमध्ये रक्त द्या. इन्सुलिनचा डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.