फळबागेतील कीडनियंत्रणासाठी जनुकशमन

किडीच्या शरीरातील एखाद्या आवश्यक जनुकाचा संदेश नष्ट करून तिला दुर्बळ करण्याची वा मारण्याची पद्धती. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये सूत्रकृमीवर दाखवून दिलेल्या आरएनए हस्तक्षेपावर ती आधारलेली आहे. या शोधाला 2006 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत शिरला की डायसर हे विकर त्याचे सुमारे 21 न्यूक्लिओटाइडांचे तुकडे करते. हे तुकडे त्याच क्रमाचा संदेशवाहक आरएनए हुडकून तो कापायला लावतात. परिणामी प्रथिन तयार होत नाही; जनुक मात्र शाबूत राहते.

लिंबूवर्गीय फळांवरील सायला ही कीड या पद्धतीची महत्त्वाची कसोटी आहे. नागपुरी संत्र्याच्या कोवळ्या पालवीतील रस शोषणारी ही कीड ग्रीनिंग रोगाचे जीवाणू पसरवते. फ्लॉरिडात हा रोग 2005 मध्ये आढळला आणि तेथील संत्राउद्योग त्याने खिळखिळा केला. रोगट झाड बरे करणारा उपाय नसल्याने सायला रोखणे हाच खरा बचाव. झाडाला मुळांवाटे किंवा खोडात टोचून आरएनए दिल्यास तो रसासोबत किडीच्या पोटात जातो, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. त्यासाठी झाडात जनुकीय बदल करावा लागत नाही. क्रम नेमका निवडल्यास मधमाश्या व मित्रकीटक बचावतात; सरसकट मारणाऱ्या कीटकनाशकांपेक्षा हा गुण निःसंशय मोलाचा आहे.

पद्धतीला मर्यादाही आहेत: ऊन, सूक्ष्मजीव आणि किडीच्या लाळेतील व आतड्यातील विकरे आरएनए लवकर मोडतात. भुंगेऱ्यांवर परिणाम चांगला होतो, पतंगवर्गीय अळ्यांवर बहुधा कमी. फळबागेबाहेर, बटाट्यावरील कोलोराडो भुंगेऱ्यासाठीच्या लेडप्रोना या याच तत्त्वावरील फवारणीच्या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली.