चुकलेला गोठा

गेल्या खेपेला आपण मत्तय आणि लूक यांच्या जन्मकथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. आठवत असेल, मत्तयाकडे पूर्वेकडचे ज्ञानी आहेत, मेंढपाळ नाहीत. लूककडे मेंढपाळ आणि गव्हाण आहे, ज्ञानी नाहीत. ते ज्ञानी तीन होते, असं मत्तयानंही लिहिलेलं नाही. भेटी तीन, सोने, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन, हा हिशेब मागाहूनचा. बैल आणि गाढव तर दोघांकडेही नाहीत. पडद्यावर मात्र सगळे एकाच रात्री एकाच गोठ्यात हजर! अर्थात ही गर्दी नाताळच्या देखाव्यांनी सिनेमाच्या कितीतरी आधी जमवलेली होती.

आता 1979 चा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ घेऊ. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचा चित्रपट. सुरुवातीलाच ते तीन ज्ञानी येतात, बाळापुढे वाकतात, भेटी देतात. आई फटकळ, सोन्यावर खूश, पण गंधरस म्हणजे काय हे तिच्या गावी नाही. मग कळतं, पत्ता चुकला, खरा गोठा जवळच आहे. ज्ञानी परत येतात आणि दिलेल्या भेटी हिसकावून नेतात.

थट्टा कुणाची झाली? येशूची नव्हे. त्या दुसऱ्या गोठ्यातलं दृश्य गंभीरच आहे. थट्टा आहे ती खातरजमा न करता गुडघे टेकणाऱ्यांची. तत्त्वज्ञानात आम्ही ज्याला प्रमाणाचा प्रश्न म्हणतो तो हाच की हो! ताऱ्यानं गाव दाखवलं, पण दार कोणतं हे कशावरून ठरवायचं?

या चित्रपटासाठी ट्युनिशियात वापरलेले काही सेट झेफिरेल्लीच्या 1977 च्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’ या मालिकेचे होते. ती मालिका अगदी भाविक. तरी अमेरिकेत ती न पाहताच निषेध झाला आणि जनरल मोटर्सनं प्रायोजकत्व सोडलं. म्हणजे भक्तीनं केलं तरी दगड, थट्टेनं केलं तरी दगड.

ब्रायनवर नॉर्वेत बंदी आली, आयर्लंडमध्येही आली. नोव्हेंबर 1979 मध्ये बीबीसीवर वाद रंगला. एका बाजूला जॉन क्लीज आणि मायकल पेलिन, दुसऱ्या बाजूला सदर्कचे बिशप मर्विन स्टॉकवुड आणि मॅल्कम मगरिज. हे मगरिज म्हणजे मदर तेरेसांवर पुस्तक लिहिणारे. आणि त्याआधी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादक! पायथनवाल्यांनी पुढे सांगितलं, की हे दोघे चित्रपटाला उशिरा पोचले आणि सुरुवातीचा भाग त्यांचा हुकला. तसं असेल, तर ब्रायन वेगळा आणि येशू वेगळा हे दाखवणारा प्रसंगच त्यांनी पाहिला नाही. टीकाकारही त्या ज्ञान्यांसारखे चुकीच्याच गोठ्यात शिरले म्हणायचे.

शंका आणि हसू यांखेरीज तिसरी एक प्रतिक्रिया आपल्या मुंबईतली. दादासाहेब फाळक्यांनी 1910 च्या सुमारास ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला. डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत होता आणि मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या. हे त्यांनीच नंतर लिहून ठेवलंय. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला, 1918 मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’. तिथंही रात्र, भ्यालेला राजा आणि बाळाला वाचवण्यासाठी केलेला प्रवास आहेच. कंसाकडे पुढच्या खेपेला वळू.