इंग्रजी उच्चारांचे आयरिश रखवालदार

आपली भाषा दिवसेंदिवस बिघडत चालली आहे, ही तक्रार कोणत्याहि सुधारलेल्या समाजांत नवी नाहीं. परंतु इंग्रजीच्या इतिहासांत एक मोठी चमत्कारिक गोष्ट आढळते. इंग्रज लोक अशुद्ध उच्चार करतात, शब्दांची नासाडी करतात, म्हणून ज्यांनीं विशेष संताप केला त्यांतील कित्येक नामांकित पुरुष इंग्लंडांतले नव्हतेच. ते समुद्रापलीकडील आयर्लंडांतून आलेले होते.

त्यांत अग्रमान ‘गलिव्हर’चा कर्ता जोनाथन स्विफ्ट याचा. हा १६६७ सालीं डब्लिन शहरीं जन्मला. लंडनच्या शौकीन मंडळींनीं शब्दांचीं शेपटें छाटण्याचा जो सपाटा लावला होता, त्यावर त्यानें १७१० सालीं ‘टॅटलर’ पत्रांत सडकून कोरडे ओढले. ‘मोबिले वल्गस’, म्हणजे चंचल जनसमूह, या लॅटिन शब्दजोडीचा तुकडा पाडून लोकांनीं ‘मॉब’ केला होता. स्विफ्टला त्या शब्दाची शिसारी येई. ‘डिस्टर्बेड’ असें सावकाश म्हणावयाचें सोडून ‘डिस्टर्ब्ड’ म्हणून व्यंजनांची टक्कर लावणें हेंहि त्याच्या कानांस खपत नसे. १७१२ सालीं त्यानें अर्ल ऑफ ऑक्सफर्ड या मुख्य प्रधानास जाहीर पत्र लिहून, भाषा कायमची निश्चित करणारें एक पंडितमंडळ स्थापावें, अशी सूचना केली. पुढें १७१४ सालीं ॲन राणी वारली, अर्लचा अधिकार गेला, आणि सूचना कागदावरच राहिली. ‘मॉब’ मात्र टिकला. आणि ‘डिस्टर्बेड’ म्हणणाराकडेच आज लोक वळून पाहतील.

स्विफ्टनें ज्याचें धर्मपितृत्व पत्करलें होतें, तो थॉमस शेरिडन याचा पुढचा वारस. हा डब्लिनचा नट व नाटकगृहाचा चालक. यानें १७६१ सालीं एडिंबरो येथें व्याख्यानें देऊन स्कॉटिश गृहस्थांस शुद्ध इंग्रजी बोलण्याचे धडे दिले. ही हौस नव्हती. १७०७ सालीं दोन्ही राज्यें एक होऊन पार्लमेंट लंडनला गेलें होतें, आणि तेथें नशीब काढावयास गेलेल्या स्कॉटिश मनुष्याचें तोंड उघडतांच हंसें होई. उच्चार हा असा पोटाचा प्रश्न होता. ज्यांस भाषा पाळण्यांतच मिळाली, त्यांस तिचे नियम शोधण्याची गरज नव्हती. परक्यास ते घोकावे लागत, आणि मग घरच्या माणसाची हयगय त्यालाच अधिक बोंचे. पुस्तकावरून इंग्रजी शिकलेल्या महाराष्ट्रीयांस हें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

शेरिडननें १७८० सालीं उच्चारकोश काढला व स्वरांच्या डोक्यावर आंकडे देऊन ते बांधून टाकले. त्याआधींच, १७७२ सालीं, डॉ. जॉन्सननें त्याच्या अधिकाराची थट्टा केली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’मुळें हे डॉक्टर मराठी वाचकांस सुपरिचित आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, शेरिडन हा मुळांत आयरिश. शिवाय थोरामोठ्यांचे उच्चार प्रमाण धरावे, तर त्यांच्यांतच एकमत कोठें आहे? जॉन्सनच्या कोशाची योजना १७४७ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां लॉर्ड चेस्टरफील्डनें कळविलें कीं ‘ग्रेट’ शब्द ‘स्टेट’शीं जुळला पाहिजे; सर विल्यम यंगनें कळविलें कीं तो ‘सीट’शीं जुळवून ‘ग्रीट’ म्हणावा, ‘ग्रेट’ म्हणेल तो केवळ आयरिश! एक उमरावांच्या सभेंतील उत्तम वक्ता, दुसरा लोकसभेंतील. आज सारें जग त्या शब्दापुरतें आयरिश झालें आहे. खुद्द जॉन्सनहि या दोषांतून सुटलेले नव्हते. लिचफील्डकडील वळणानें ते ‘पंच’ला ‘पून्श’ म्हणत, आणि त्यांचा शिष्य गॅरिक तेवढी नक्कल करून मित्रांस हंसवी.

शेरिडनचा मुलगा रिचर्ड याचाहि जन्म डब्लिनचाच. बाप उच्चारांस शिस्त लावीत असतां मुलानें १७७५ सालीं ‘दि रायव्हल्स’ नाटकांत मिसेस मॅलाप्रॉप उभी केली. ही बाई नाईल नदीच्या कांठीं ‘ॲलिगेटर’ऐवजीं ‘ॲलिगरी’, म्हणजे मगरीऐवजीं रूपककथा, बसविते! चुकीच्या जागीं भारदस्त शब्द वापरण्याच्या खोडीस इंग्रजींत या बाईचेंच नांव पडलें. बापाच्या कोशापेक्षां मुलाची ही थट्टा अधिक काळ जगली, यांत नवल नाहीं.

या परंपरेंतला शेवटचा मोठा आयरिश म्हणजे बर्नार्ड शॉ. त्याचें ‘पिग्मॅलियन’ १९७५ सालीं पु. ल. देशपांडे यांनीं ‘ती फुलराणी’ म्हणून मराठींत आणलें. उच्चारावरून मनुष्याची पायरी ठरविण्याच्या वृत्तीवरच तें नाटक उभें आहे. १९२६ सालीं बी. बी. सी.नें निवेदकांच्या उच्चारांसाठीं समिति नेमली. राजकवि रॉबर्ट ब्रिजेस तिचा अध्यक्ष होता. १९३० सालीं तो वारल्यावर ती जागा डब्लिनच्या शॉकडे आली. सभासदांत कवि, नट, ध्वनिशास्त्रज्ञ, सारेच. त्यामुळें वाद पुष्कळ झाले. दिलेले निर्णय पुढें फिरवावे लागले, आणि घरोघरचे श्रोते तक्रारींचीं पत्रें धाडीतच राहिले. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि समितीचें काम थांबलें.