‘कादंबरी’ हें नांव आणि अद्भुताची गोडी

मराठींत नॉव्हेलास ‘कादंबरी’ म्हणतात, तें बाणभट्टाच्या सातव्या शतकांतील कथेवरून, हें वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्या कथेंत आहे काय? नायिका गंधर्वकन्या, नायक शापामुळें भूलोकीं जन्मलेला चंद्र, तो गतप्राण झाल्यावर ती त्याचा न कुजणारा देह जपते, व अखेर तिच्या आलिंगनानें तो पुनः सजीव होतो! सबब हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कथा केवळ ‘असंभाव्य’ म्हणून हिणविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. ज्या मापानें त्या टाकाऊ ठरतात, त्यानें बाणहि ठरेल. (अस्मादिकांस तर बाण शिकवितांना तास संपल्याचें भान राहत नसे.) बखरी जपणाऱ्या संग्राहकांनीं या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्याहि रद्दींत जाऊं देऊं नयेत.