मराठी सिनेमाचं सगळ्यात भारी दशक कोणतं? माझं उत्तर, आणि आपल्या बंद टॉकीजचा विषय

परवा स्टँडसमोरच्या टपरीवर जुना वाद पुन्हा पेटला. मराठी सिनेमाचं सगळ्यात चांगलं दशक कोणतं? निवृत्त गुरुजी म्हणाले, प्रभातचा काळ, त्यापुढे सगळं फिकं. टपरीवाला म्हणाला, लक्ष्या आणि अशोक सराफ, विषय संपला. कॉलेजच्या पोरांनी 'सैराट'चं नाव घेतलं. मला बातमी पाठवायची होती म्हणून निघालो, पण डोक्यातून विषय जाईना. म्हणून आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी गुरुजींचं ऐकू. 1929 ला कोल्हापुरात प्रभात कंपनी सुरू झाली. 1932 ला त्यांचा 'अयोध्येचा राजा' आला, तो मराठीतला पहिला बोलपट. पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली. 1936 चा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. 1937 चा 'कुंकू' बघा. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी तो संसार मानायलाच नकार देते. नव्वद वर्षं होत आली, तरी आजही काही घरांत हा विषय काढला तर भांडण होईल. शिवाय प्रभातकडे स्वतःचा स्टुडिओ होता, पगारी माणसं होती, आणि 1934 पासून पुण्यात हक्काचं थिएटरही होतं. सिनेमा बनवणं आणि दाखवणं, दोन्ही एकाच हातात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग पन्नासचं दशक. त्याची सुरुवात राखेतून झाली. 1948 ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. 1952 मध्ये राजा परांजपे यांचे 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' आले. 1953 च्या 'श्यामची आई'ला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. अत्रे साहेबांची ती कमाई. 1959 ला अनंत मानेंचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात 131 आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! आज अडीच आठवडे टिकला तरी निर्माता पेढे वाटतो.

आता टपरीवाल्याची बाजू. 'धुमधडाका' 1985 चा, 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा. टीव्हीवर लागले की आजही घरातलं कुणी चॅनेल बदलू देत नाही. लोक हसण्यापुरतं बोलतात, पण 'उंबरठा' पण याच दशकातला, 1982 चा. घर सोडून काम करायला निघालेली बाई त्यात आहे, आणि परत आल्यावर घर तिच्यासाठी तसं राहिलेलं नाही. माझं बालपण याच काळातलं, त्यामुळे माझं मन इकडे ओढतं हे कबूल करतो. ज्याचं जे दशक बालपणी गेलं ते त्याला भारी वाटतं, हे साधं गणित आहे. म्हणून मन बाजूला ठेवून दुसरी फूटपट्टी घेऊ.

पुरस्काराची फूटपट्टी लावली तर 'सैराट'वाल्या पोरांचं दशक जिंकतं. 'श्यामची आई'नंतर मराठीला सुवर्णकमळासाठी 'श्वास'पर्यंत थांबावं लागलं. तब्बल पन्नास वर्षं. आणि नंतर एकाच दशकात तीन: 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव'. पुरस्कार सोडा, विषय बघा. 'सामना'मध्ये मारुती कांबळे मेलेला असतो आणि त्याच्याबद्दलचा प्रश्न मास्तर विचारत फिरतात. 2013 च्या 'फँड्री'मध्ये जब्या स्वतः दगड उचलतो आणि तो थेट आपल्याकडे, प्रेक्षकांकडे येतो. तो सिनेमा काढणारा माणूस करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. ज्याच्याबद्दल इतर बोलायचे तो स्वतः बोलायला लागला. हे अंतर कापायला चाळीस वर्षं लागली. सिनेमा म्हणून 2010 नंतरचं दशक सगळ्यात पुढे गेलं, हे माझं स्पष्ट मत आहे.

तरीही माझं मत सत्तरच्या दशकाला. का ते सांगतो.

1971 ला दादा कोंडकेंचा 'सोंगाड्या' आला. मुंबईत त्याला थिएटर मिळेना तर रस्त्यावर आंदोलन झालं. त्याच वर्षी 'शांतता! कोर्ट चालू आहे'. 1972 ला 'पिंजरा'. मग 'सामना', जो 1975 ला बर्लिनच्या स्पर्धेत गेला. 1977 ला 'जैत रे जैत'. 1979 ला 'सिंहासन'. याच दशकात सरकारने करपरताव्याची योजना आणली, म्हणजे मराठी निर्मात्याला पुढचा सिनेमा काढायला करमणूक कर परत मिळायला लागला. निळूभाऊ फुले बघा. 'सामना'मध्ये साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदूराव, आणि 'सिंहासन'मध्ये पत्रकार दिगू टिपणीस. आमच्या धंद्यातल्या माणसाने तो शेवट एकदा तरी बघावा. सगळं माहीत असून काही छापता येत नाही तेव्हा माणसाचं काय होतं, ते त्या हसण्यात आहे.

त्या दशकात खोट नव्हती असं नाही. दादांच्या सिनेमात बाईवरून केलेले विनोद आज मुलीशेजारी बसून बघवत नाहीत. पण एक गोष्ट होती. तालुक्याच्या टॉकीजला पडदा एकच, तिकिटाची खिडकी एकच. या आठवड्यात 'सोंगाड्या' बघितलेला हमाल, पुढे कधीतरी त्याच बाकावर 'पिंजरा' बघायचा. मास्तर, तलाठी, भाजीवाली सगळे एका अंधारात. यात्रेत तंबू लागायचा तो वेगळाच. वडील सांगतात, 'सामना' बघून आल्यावर कित्येक दिवस पारावर तोच विषय होता, आणि कुणाचं नाव न घेता सगळ्यांना कळत होतं कुणाबद्दल चाललंय. कारखाना आपला, पुढारी आपला, आणि पडदाही आपल्याच गावात.

आता 'कोर्ट' आठवा. जगभर नावाजला, भारतातर्फे ऑस्करला गेला. आपल्या तालुक्यात किती जणांनी मोठ्या पडद्यावर बघितला? मी पत्रकार असून मला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं. तिकीट, एसटी, परतीची रिक्षा धरून जो खर्च झाला तो मजुराच्या दिवसाच्या रोजाच्या वर गेला. गावाकडच्या माणसाला सिनेमा नको असतो असं कुणी म्हणू नये. 'सैराट'च्या वेळी काही ठिकाणी रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले होते. माणसं तयार आहेत, पडदा नाही.

म्हणून माझं उत्तर दोन भागांत आहे. सगळ्यात चांगले सिनेमे बनले 2010 नंतर. पण सिनेमा बघायचं सगळ्यात चांगलं दशक सत्तरचं. प्रभातने नव्वद वर्षांपूर्वी जे ओळखलं होतं ते आपण विसरलो: नुसतं बनवून भागत नाही, दाखवायची जागा लागते.

आपली टॉकीज बंद होऊन बरीच वर्षं झाली. समोर आता गाड्या पार्क होतात. ती परत सुरू होईल असं मला वाटत नाही, खोटी आशा दाखवणार नाही. पण नगरपालिकेचं सभागृह आहे ना? खुर्च्या आहेत, पंखे आहेत, वर्षातले बरेच दिवस कुलूप आहे. सत्कार आणि भाषणं सोडली तर तिथे होतं काय? महिन्यातून एक रविवार तिथे मराठी सिनेमा दाखवा, रीतसर हक्क घेऊन, तीस-चाळीस रुपये तिकीट लावून. चांगला प्रोजेक्टर आणि पडदा हा काही पालिकेला न झेपणारा खर्च नाही. मी या आठवड्यात मुख्याधिकारी साहेबांना लेखी निवेदन देतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी गुरुवारी संध्याकाळी टपरीवर या.

आणि हो, कॉमेंटमध्ये तुमचं दशक सांगा. एक अट आहे: सिनेमाचं नाव लिहाल तर तो कुठे बसून बघितला, तेही लिहा. टॉकीज, तंबू, शेजाऱ्यांचा टीव्ही की मोबाईल. मला वाटतं, खरा इतिहास त्यातच सापडेल.