तळटीप : 'अफूचा कायदा'

* अफूचा कायदा – लेखक सवयीने जुनेच नाव वापरतात. प्रसंग १९८७चा आहे. तोवर १८७८चा अफू कायदा रद्द होऊन 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' लागू झाला होता. हे नाव एका दमात उच्चारणे अवघड, म्हणून पोलीस-वकिलांच्या तोंडी 'एनडीपीएस' रुळले. मूळ कायद्यात ब्राउन शुगरची पुडी स्वतःपुरतीच होती हे आरोपीला सिद्ध करता आले नाही, तर त्याला तस्कराइतकीच किमान दहा वर्षे होत. मालाच्या वजनानुसार शिक्षेच्या पायऱ्या २००१च्या दुरुस्तीने आल्या : हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी प्रमाण. पुढच्या प्रकरणातील भांगेच्या गोळ्या मात्र या कायद्याबाहेरच्या. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे; नुसती पाने वगळली आहेत. (महाराष्ट्रात त्यांना १९४९चा दारूबंदी कायदा आडवा येतो, ही गोष्ट वेगळी.)

या कडकपणाचा फटका रुग्णांनाही बसला, हे लेखकाच्या नजरेतून निसटलेले दिसते. सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या, नीमच आणि गाझीपूरला तिचे कारखाने चालवणाऱ्या या देशात कर्करोगाच्या वेदनेवरचे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले, कारण इस्पितळांना राज्याराज्यांचे निरनिराळे परवाने काढावे लागत. ती अट सैल करणारी दुरुस्ती २०१४ मध्ये झाली. – संपा.