सिमेंटचं हरीण आणि दोन हात ऑइल पेंट

परवा सकाळी आमच्या भागातल्या एका बागेत सिमेंटच्या हरणाला रंग देणं चालू होतं. पुढचा पाय गुडघ्याजवळ फुटलेला, आतली गंजलेली सळई बाहेर आलेली, आणि त्यावरच थेट ऑइल पेंट. रंगारी म्हणाला, "साहेब, दोन हात मारले की नवं दिसतंय." त्याचा दोष नाही, त्याला काम तेवढंच दिलंय. पण तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे.

पुण्यात पुतळा म्हटलं की आपल्याला ब्राँझ आठवतं. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घ्या. 1921 साली पायाभरणी, 1928 साली अनावरण. शिल्पकार विनायकराव करमरकर. एवढा प्रचंड पुतळा मुंबईत माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतला गेला.

पण याच करमरकरांनी सिमेंटमध्येही कामं केली, हे किती जणांना माहीत आहे? अलिबागजवळ सासवन्याला त्यांच्या राहत्या घराचंच संग्रहालय झालंय. एकदा जाऊन बघाच. ज्याला आपण 'साधं सिमेंट' म्हणतो, त्यात हा माणूस काय करू शकत होता ते कळतं.

ब्राँझला पैसा लागतो, भट्टी लागते. सिमेंटला पोतं, वाळू, सळई आणि कसलेला हात पुरतो. आपल्याकडे पोरबंदरला 1914 साली सिमेंटचं उत्पादन सुरू झालं आणि हळूहळू हा माल गावोगावी पोचला. गंमत म्हणजे सिमेंटच्या आत लोखंड घालण्याचं पेटंट 1867 साली पॅरिसमध्ये जोसेफ मोनिए नावाच्या एका माळ्याने घेतलं, तेही बागेतल्या कुंड्यांसाठी! म्हणजे काँक्रीटचं बागेशी नातं जुनंच.

मग ही शिल्पं फुटतात का? चांगलं काँक्रीट क्षारधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि हे संरक्षण संपतं. समुद्रकाठी खारी हवा तेच काम लवकर करते. मग पाणी पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. शिल्पात सळईवरचा थर पातळ असतो. त्यामुळे कान, बोटं, शिंगं आधी जातात.

म्हणजे रोग आत आहे आणि आपण औषध वरून लावतोय. रंगाच्या थराखाली ओल अडकते, गंज चालूच राहतो. शिवाय दरवर्षीच्या थरांनी नाक-डोळे बुजतात ते वेगळंच.

खरी दुरुस्ती अवघड नाही, पण वेळ मागते. आधी सगळ्या बाजूंनी फोटो. मग हलक्या हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते शोधायचं. सुटलेला भाग सळईच्या मागेपर्यंत काढायचा, गंज घासायचा, सळईला गंजरोधक लेप द्यायचा. नंतर मूळच्या वाळूशी, रंगाशी, ताकदीशी जुळणारा माल भरायचा आणि ओला ठेवून मुरू द्यायचा. नवा माल जुन्यापेक्षा फार कडक झाला तर शेजारचं जुनं फुटतं. हे रंगाऱ्याचं नाही, शिल्पकार आणि इंजिनियरने मिळून करायचं काम आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये मालवणला राजकोटचा पुतळा कोसळला. अनावरणाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हा आपण सगळे बोललो. हरणाचा पाय तुटल्यावर कोण बोलणार? ते बनवणाऱ्याचं नावसुद्धा तिथे लिहिलेलं नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शहरातल्या बागा, चौक, शाळा यांतल्या सिमेंटच्या शिल्पांची एक नोंदवही करा. कुणी केलं, कधी केलं, आज अवस्था काय. ती होईपर्यंत निदान फुटक्या भागावर रंग मारू नका.

तुमच्या भागात असं शिल्प असेल तर फोटो आणि जागा खाली टाका. ते बनवणारा कारागीर कोण होता हे घरातल्या मोठ्यांना विचारून जरूर लिहा. नोंदवहीची सुरुवात आपणच करू.